मेलेलं मशीन, जिवंत परवानगी

गोखले रोडवरून आणलेलं पुस्तक घरी कुठल्या कपाटात ठेवणार, असं दुकानदार विचारत नाही. विकत घेतलेल्या सिनेमाचं मात्र तसं नाही. अ‍ॅपलकडून घेतलेला सिनेमा एका वेळी पाचच कॉम्प्युटरवर चालतो. (२००३ साली ही मर्यादा तीन होती, २००४ मध्ये पाच झाली. गाण्यांवरचं कुलूप २००९ साली निघालं, सिनेमांवरचं आहेच.)

आता पाच म्हणजे काही कमी नाहीत. माझं भांडण आकड्याशी नाही, मोजण्याशी आहे. परवानगी काढायची तर त्याच कॉम्प्युटरवर बसून काढावी लागते. हार्ड डिस्क मेली की कुठे बसणार? सर्व्हरच्या लेखी ते मशीन जिवंतच! मग सगळ्यांचीच परवानगी एकदम रद्द करायची, आणि तीसुद्धा वर्षातून एकदाच. अहो, परवानगीला तीन महिन्यांची मुदत घाला, मशीन वापरात असेल तर ती आपोआप वाढू दे. ऑफिसातले लायसन्स सर्व्हर वर्षानुवर्षं असंच काहीतरी करतात.

आणि मशीनऐवजी माणूस गेला तर? २०२१ साली अ‍ॅपलने वारस नेमायची सोय केली. त्याला फोटो मिळतात. विकत घेतलेले सिनेमे, गाणी, पुस्तकं नाही. आजोबांचं पुस्तकांचं कपाट मात्र नातवाकडे येतं. नको असेल तर तो विकू शकतो, १९५७ चा आपला कॉपीराइट कायदा आड येत नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून तीच ती प्रत कितीजणांच्या हाती देतंय!

असो. जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी तेवढी परवानगी काढून घ्या, बरं का.