ऑइल खालून काढावे की वरून?

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आपल्या समाजातील कारागिरांची संख्या मोठी आहे. कित्येक घरांत बाप मिस्त्री, मुलगाही मिस्त्री, आणि पुतण्या पाना धरायला शिकतो आहे, असे चित्र आहे. या बांधवांत अलीकडे एक प्रश्न चर्चिला जातो. सर्व्हिसिंगच्या वेळी इंजिनचे जुने ऑइल चेंबरचा बोल्ट खोलून खालून काढावे, की मशीनने डिपस्टिकच्या नळीतून वर खेचून घ्यावे? वरवर पाहता हा कामाच्या सोयीचा प्रश्न आहे. आमच्या मते तो कारागिराच्या इमानदारीचाही प्रश्न आहे.

प्रथम जुनी पद्धत पाहू. गाडी थोडी चालवून इंजिन कोमट करायचे, सपाट जागी, खड्ड्यावर किंवा रॅम्पवर उभी करायची, बोल्ट खोलायचा आणि ऑइल धार तुटेपर्यंत गळू द्यायचे. बोल्ट चेंबरच्या तळाशी असल्याने ऑइलबरोबर तळचा गाळही बराचसा निघतो. निघालेले ऑइल डोळ्यांनी पाहता येते. ते दुधाळ दिसले तर आत पाणी जात आहे. चमचम करणारी धातूची कणी दिसली तर बेअरिंगची तब्येत ठीक नाही. पेट्रोलचा वास आला तर तेही दुखणेच. शिवाय गाडीखाली गेलेला मिस्त्री सायलेन्सर, फाटलेले रबर बूट, गळके सील असे इतर चार दोषही पाहून येतो.

या पद्धतीचे दोषही कमी नाहीत. पुष्कळ गाड्यांचे चेंबर ॲल्युमिनियमचे असते. लांब पान्याने जोर लावून बोल्ट आवळला की आटे जातात, आणि ऑइल बदलण्याच्या कामात चेंबर बदलण्याचा खर्च अंगावर येतो. जुनाच वायसर पुन्हा लावला तर थेंब थेंब गळती सुरू होते. बोल्ट ढिला राहिला तर भर रस्त्यात सगळे ऑइल सांडून इंजिन जाम होते. सर्वांत गंभीर बाब जिवाची आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरण्याची सवय आपल्याकडे फार आहे. घोडी लावायला दोन मिनिटे लागतात. जॅक सरकायला एक क्षण पुरतो.

आता मशीनची पद्धत. बारीक नळी डिपस्टिकच्या जागेतून तळापर्यंत सोडायची आणि हवेच्या ओढीने ऑइल टाकीत खेचायचे. गाडी उचलावी लागत नाही, बोल्टला हात लागत नाही, कपडे खराब होत नाहीत. नौकांच्या इंजिनांत, जिथे खाली भांडे ठेवायलाही जागा नसते, तिथे ही पद्धत मुळातच रूढ आहे. काही परदेशी मोटारींत फिल्टरही वरूनच निघतो. तिथे मशीनचे काम सोपे आणि सुटसुटीत होते.

परंतु आपल्या रोजच्या छोट्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत फिल्टर खालच्या बाजूस आहे. फिल्टरसाठी खाली जायचेच आहे, तर मशीनने वाचवले काय? दुसरे, नळी वळली किंवा तळाला पोहोचली नाही तर ऑइल आत राहते. छोट्या गाडीत साधारण 3 लिटर ऑइल असते. समजा 300 मिली आत राहिले, तर दहावा हिस्सा जुनाच राहिला. वरून नवे ऑइल पूर्ण मापाने ओतले तर पातळी जास्त होते, क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो आणि सीलवर ताण येतो. म्हणून मशीन वापरणाऱ्याने निघालेले ऑइल मोजलेच पाहिजे. टाकीवर खुणा असतात. त्या शोभेसाठी नाहीत. पातळी शेवटी डिपस्टिकवर पाहूनच काम संपवावे.

आमचे मत स्पष्ट आहे. ज्या गाडीचा बोल्ट आणि फिल्टर दोन्ही खाली आहेत, तिथे खालूनच काढावे. ज्या गाडीची रचना वरून काढण्यास योग्य आहे, किंवा बोल्टचे आटे गेलेले असून ग्राहकाजवळ सध्या चेंबरचे पैसे नाहीत, तिथे मशीन जरूर वापरावे. मात्र कोणत्या पद्धतीने काढले हे ग्राहकाला सांगावे, आणि आटे गेले आहेत हेही लपवू नये.

आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रीभाईंनी मशीन घेतले आणि दिवसाला दुप्पट गाड्या होऊ लागल्या. काही महिन्यांनी त्यांच्या एका जुन्या टॅक्सीवाल्या ग्राहकाने दुसरीकडे चेंबर खोलून घेतले, तर तळाला गाळाचा थर निघाला. "भाई, पैसे तर तुम्ही पूर्ण सर्व्हिसचे घेतले होते," एवढेच तो बोलला आणि पुन्हा आला नाही. मिस्त्रीभाईंनी फसवणूक केली नव्हती, घाई केली होती. ग्राहकाच्या हिशेबी मात्र दोन्ही सारखेच.

बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढणाऱ्या प्रेषितांची (स.) हकीकत आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, हा त्यांचा सवाल होता. इंजिनचे चेंबर हा तसाच एक ढीग आहे. वर चकचकीत नवे ऑइल, तळाला काय आहे ते फक्त मिस्त्री जाणतो. सूरह मुतफ्फिफीनमधील मापात घट करणाऱ्यांविषयीचा इशारा केवळ तराजूवाल्यांसाठी आहे असे समजू नये.

मशीन घेताना व्याजी कर्जाच्या फेऱ्यात पडण्याचे कारण नाही. एका गल्लीतील तीन-चार गॅरेजवाल्यांनी भागीदारीत एक मशीन घेतले तरी भागते. आणि पद्धत कोणतीही असो, काळे ऑइल गटारात ओतू नये. 2016 च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. 1 एप्रिल 2024 पासून ऑइल कंपन्यांवरही त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकण्यात आली आहे. ते साठवून अधिकृत घेणाऱ्यालाच द्यावे. रिकामे डबे भोक पाडून टाकावेत, नाहीतर त्यांत बनावट माल भरला जातो. हातात मोजे घालावेत. काळे ऑइल वर्षानुवर्षे कातडीला लागणे आरोग्याला घातक आहे. ज्या पोराला आपण काम शिकवतो, त्याची कातडीही आपल्याकडे अमानत आहे.

मशीन चांगले की पाना चांगला, हा वाद चालत राहील. गाडीचा मालक बॉनेटच्या आत पाहत नाही, मिस्त्रीच्या तोंडाकडे पाहून पैसे देतो. तो भरवसा टिकला तरच धंदा टिकेल. अल्लाह आपल्या कारागीर बांधवांच्या हलाल कमाईत बरकत देवो.