रस्त्याची पट्टी कोणी भरावी?



नागपूरच्या हिंगण्याच्या बाजूला शिवमडका म्हणून गाव आहे. तिथून समृद्धी महामार्ग निघतो आणि ७०१ किलोमीटर जाऊन मुंबईच्या वेशीवर टेकतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी शिर्डीपर्यंतचा भाग खुला झाला, ५ जून २०२५ रोजी शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा. दहा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांच्या जमिनी त्याखाली गेल्या. या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे, तीनचाकीला बंदी आहे, आपल्या बंडीचे तर नावच नको. मोटारीने पुरे अंतर कापले तर चौदाशे रुपयांच्या वर पथकर होतो. मात्र मोटार विजेवर चालणारी असेल, तर राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणाने हा पथकर माफ केला आहे. मोटार सात लाखांची असो की सत्तर लाखांची, माफी सारखीच.

शहरात यावरून वाद चालतो. पेट्रोल-डिझेलच्या गाड्या बाळगणारे म्हणतात, आम्ही रस्त्याचा कर भरतो आणि विजेच्या गाडीवाले फुकट फिरतात. बोलण्याच्या भरात ते सायकलवाल्यालाही ओढतात. तोही रस्ता वापरतो, मग त्यानेही भरावे. विजेच्या गाडीवाले म्हणतात, आम्ही धूर सोडत नाही, आमच्यासाठी परदेशातून तेल आणावे लागत नाही, तेव्हा सवलत आम्हाला मिळालीच पाहिजे. या भांडणात कोरडवाहूवाल्याचे नाव कोणी काढत नाही. आपल्यातलाही एखादा विचारील, कापूस-ज्वारी पिकवणाऱ्याचा याच्याशी संबंध काय? आम्ही म्हणतो, सगळ्यात जवळचा संबंध आपलाच आहे. दोघांपैकी कोणीही जिंकला तरी उरलेले बिल कोणाच्या ओच्यात टाकायचे, ते ठरल्यासारखे दिसते.

आधी सायकलवाल्याचे पाहू. त्याचा हिशेब सोपा आहे.

ज्यांनी साठी ओलांडली त्यांना सायकलचा बिल्ला आठवत असेल. नगरपालिकेत वर्षाची पट्टी भरायची, बिल्ला घ्यायचा आणि सायकलला अडकवायचा. बिल्ला नसला की नाक्यावरचा शिपाई सायकल धरून ठेवी. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातही सायकलींवर आणि जनावरांनी ओढलेल्या गाड्यांवर कर बसवण्याचा अधिकार पंचायतींना दिलेला होता. म्हणजे बंडीवालाही त्यातून सुटलेला नव्हता. पुढे हे बिल्ले दिसेनासे झाले. दोन-चार रुपयांच्या पट्टीसाठी माणूस नेमा, वही ठेवा, धरपकड करा, यात कोणाचे भले होणार होते? आज पुन्हा सायकलवर कर बसवा असे म्हणणाऱ्याने आधी हा इतिहास वाचावा.

आणि सायकल रस्त्याचे बिघडवते तरी काय? १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात रस्त्यांची मोठी चाचणी झाली. मुद्दाम रस्ते बांधून त्यावर वेगवेगळ्या वजनाच्या गाड्या महिनोन्‌महिने फिरवल्या. त्यातून एक मोजमाप निघाले, ते आजही इंजिनियर लोक धरून चालतात. आसावरचे वजन दुप्पट झाले तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, सोळा पट होते. दोन हा आकडा चार वेळा मांडून गुणावा तसे हे वाढत जाते.

आता आपणच हिशेब करू. सायकल आणि तिच्यावरचा माणूस मिळून शंभर किलो धरा, म्हणजे एका चाकावर पन्नास. दीड टनाची मोटार धरा, तिच्या एका आसावर साडेसातशे किलो. हे सायकलच्या पंधरा पट झाले. पंधराचा चार वेळा गुणाकार करा, पन्नास हजारांच्या वर जातो. मोटारीचा एक आस जेवढा रस्ता झिजवतो तेवढा झिजवायला सायकलच्या चाकाला पन्नास हजार फेऱ्या लागतील. आता ट्रक घ्या. २०१८ साली केंद्र सरकारने ट्रकच्या आसावरच्या वजनाची मर्यादा वाढवली आणि चार टायरच्या एका आसाला साडेअकरा टनांपर्यंत परवानगी दिली. हे मोटारीच्या पुन्हा पंधरा पट आहे. सायकलपुढे जशी मोटार, तसा मोटारीपुढे भरलेला ट्रक.

तेव्हा रस्त्याच्या झिजेचे पैसे मागायचे तर सायकलवाल्याकडे मागायला तोंड नाही. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांत सायकलवर जाणारा मजूर, पहाटे दुधाचे कॅन अडकवून शहरात येणारा गवळी, यांच्याकडून रस्त्याला धक्का लागत नाही. धक्का बसतो तो त्यांनाच, भरधाव गाड्यांचा. सायकल आणि बंडी या दोहोंना रस्त्याची पट्टी कधीही नसावी, हे आमचे पहिले म्हणणे.

विजेच्या गाडीचे मात्र एवढे सोपे नाही.

विजेची गाडी आली याचा आम्हाला राग नाही. धूर कमी झाला तर तो आपल्याही लेकरांच्या छातीत कमी जाईल. नवे यंत्र बाजारात पाय रोवेपर्यंत त्याला हात द्यावा, हेही समजते. राज्याने २०२१ च्या धोरणात या गाड्यांना वाहनकर माफ केला, तेव्हा त्या मोजक्याच होत्या. पण तान्ह्याला पाजावे, ते मिसरूड फुटेपर्यंत पाजत बसू नये. आज पेट्रोलच्या मोटारीवर किमतीच्या ११ ते १३ टक्के आणि डिझेलच्या मोटारीवर १३ ते १५ टक्के एकरकमी कर आहे. तीस लाखांची डिझेल मोटार घेणारा साडेचार लाख भरतो. तेवढ्याच किमतीची विजेची मोटार घेणारा एक रुपयाही भरत नाही. जीएसटीसुद्धा विजेच्या मोटारीवर पाच टक्के, मग ती कोटीची का असेना. आपल्या ट्रॅक्टरवर तो बारा टक्के होता, पाचवर यायला २२ सप्टेंबर २०२५ उजाडावे लागले.

ही चूक सरकारच्याही ध्यानात आली होती. १० मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री अजित पवार यांनी तीस लाखांपेक्षा महाग विजेच्या मोटारींवर सहा टक्के कर सुचवला. सहा टक्केच, म्हणजे डिझेलवाल्याच्या निम्म्याहून कमी. त्यावर ओरड झाली आणि त्याच महिन्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधान परिषदेत तो मागे घेत असल्याचे सांगितले. कारण असे, की त्यातून फारसा पैसा येणार नाही आणि विजेच्या गाड्यांच्या धोरणाबद्दल चुकीचा संदेश जाईल.

आता त्याच अर्थसंकल्पातली दुसरी ओळ वाचा. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांवर सात टक्के एकरकमी कर. हा कर मागे घेतला नाही, जुलै २०२५ पासून तो लागू झाला. आधी तो गाडीच्या वजनावर होता आणि फार कमी बसत असे. या मालवाहू गाड्या कोणत्या? आपला कापूस जिनिंगवर नेणारा पिकअप, कळमन्याच्या बाजारात संत्री आणि भाजी पोचवणारा छोटा हत्ती. गावातल्या बेकार पोराने कर्ज काढून दहा लाखांची पिकअप घेतली तर सत्तर हजार रुपये आधी सरकारच्या टेबलावर ठेवायचे. तो हे पैसे घरून आणणार नाही, भाड्यात चढवणार. भाडे क्विंटलमागे आपल्या कापसातून कापले जाणार. तीस लाखांच्या मोटारवाल्याची ओरड पंधरवड्यात ऐकू गेली. पिकअपवाल्याची कोणाच्या कानावर गेली नाही. इंडिया आणि भारत यांतला फरक समजावून सांगायला याहून दुसरा दाखला नको.

कोणी म्हणेल, शेतकरी कुठे काय भरतो? शेतीच्या ट्रॅक्टरला तर वाहनकर माफ आहे. खरे आहे, पण ट्रॅक्टर पाण्यावर चालत नाही. पेट्रोलवर १९९८ साली आणि डिझेलवर १९९९ साली लिटरमागे एक रुपया रस्त्यांसाठी म्हणून लावला गेला. २००० साली त्याचा केंद्रीय रस्ते निधी झाला. पुढे उपकराची नावे आणि रकमा बदलत गेल्या, वसुली थांबली नाही. राज्याचा डिझेलवरचा कर २०२४ साली २१ टक्के होता. डिझेल नव्वदीच्या घरात असले तर लिटरमागे पंधरा रुपये केवळ राज्याला जातात. नांगरटीपासून मळणीपर्यंत शंभर लिटर जाळणाऱ्याने दीड हजार राज्याला दिले, केंद्राचे वेगळे. २०१५ च्या दुष्काळात तर दुष्काळ निवारणाच्या नावाने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये चढवले होते. दुष्काळ आपल्यावर आणि त्याची पट्टी आपल्याच ट्रॅक्टरवर!

यातली मेख ध्यानात घ्या. ते शंभर लिटर डिझेल रस्त्यावर जळलेच नाही. ते वावरात जळले. ज्या चाकांनी डांबर पाहिले नाही त्यांनी डांबराचे पैसे भरले. आणि ज्याच्याकडे ट्रॅक्टर नाही, मोटारसायकलही नाही, तो एसटीने जातो. त्या तिकिटातून एसटी वर्षानुवर्षे साडेसतरा टक्के प्रवासी कर सरकारला देत आली आहे.

या पैशातून काहीच झाले नाही असे आम्ही म्हणणार नाही. डिझेलच्या उपकराचा निम्मा वाटा ग्रामीण रस्त्यांसाठी ठेवला होता. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेने कितीतरी गावांपर्यंत डांबर नेले. गावापर्यंत नेले, पण आपला माल गावात पिकत नाही, वावरात पिकतो. गावापासून वावरापर्यंत पांदण आहे. काळ्या मातीची पांदण पावसाळ्यात कशी होते, हे मुंबईच्या माणसाला सांगून समजणार नाही. खताचे पोते डोक्यावर न्यावे लागते, बैल गुडघाभर रुततो, बाळंतीण अडली तर खाटेवर उचलून आणावी लागते. २०२१ साली पांदणींसाठी मातोश्रींच्या नावाने योजना निघाली. आपली पांदण त्यात किती झाली, हे ज्याने त्याने आपल्या शिवारात जाऊन पाहावे.

आता पुढचे पाहा, कारण खरा धोका पुढे आहे. विजेच्या गाड्या वाढतील तसा तेलावरचा कर घटत जाईल. पण रस्ते तेवढेच राहतील, उलट वाढतील. मग तूट कोण भरणार? ज्याच्याकडे पैसा आहे तो आधी विजेवर जाईल. शेवटपर्यंत डिझेलवर राहील तो जुना ट्रॅक्टर, जुनी पिकअप आणि एसटीची लालपरी. सरकार डिझेलचा कर वाढवील आणि वर सांगेल, कर टाळायचा असेल तर विजेची गाडी घ्या. पंगतीतून श्रीमंत उठून गेले की उरलेल्यांच्या माथी सगळे बिल, असा हा प्रकार होईल.

जगात याला वाट सापडलेली आहे. न्यूझीलंड हा शेतकऱ्यांचा देश. तिथे पेट्रोलसारखा रस्त्याचा कर डिझेलवर पंपावर घेत नाहीत, कारण बरेचसे डिझेल शेतात जळते हे तिथले सरकार मान्य करते. डिझेलची गाडी रस्त्यावर आणायची तर किलोमीटरवर पैसे भरायचे, आणि गाडी जेवढी जड तेवढा दर चढा. ही पद्धत १९७८ पासून चालू आहे. १ एप्रिल २०२४ पासून विजेच्या मोटारीही त्यात आल्या. ब्रिटननेही एप्रिल २०२५ पासून विजेच्या गाड्यांची वाहनकराची माफी काढून घेतली. तिथले आभाळ कोसळले नाही आणि विजेच्या गाड्याही बंद पडल्या नाहीत.

आम्हाला कोणाच्या सवलतीचा हेवा नाही. दुसऱ्याला माफी मिळते म्हणून आम्हालाही द्या, असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की जो रस्ता झिजवतो त्याने झिजवल्याप्रमाणे भरावे आणि जो झिजवत नाही त्याच्या खिशात हात घालू नये. सूट द्यायची तर कमी कुवतीच्या माणसाला द्यावी. विजेची दुचाकी घेणारा शिक्षक किंवा ई-रिक्षा चालवून पोट भरणारा माणूस, यांची माफी राहू द्या. तीस लाखांच्या मोटारीला मात्र माफीचे कारण उरलेले नाही.

जिल्हा बैठकीत या विषयावर ठराव व्हावा. त्यात चार गोष्टी असाव्यात. तीस लाखांवरच्या विजेच्या मोटारींना वाहनकर आणि समृद्धीवरचा पथकर लागू करावा. छोट्या मालवाहू गाड्यांवरचा सात टक्के कर रद्द करून वजनाप्रमाणे आकारणी पूर्ववत करावी. वावरात जळणाऱ्या डिझेलवरचा रस्त्याचा कर सातबाऱ्याच्या आधारे शेतकऱ्याला परत मिळावा. आणि रस्त्याच्या नावाने गोळा होणाऱ्या पैशातला ठरलेला हिस्सा पांदणींवरच खर्च व्हावा, त्याचा हिशेब दरवर्षी ग्रामसभेत वाचला जावा.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन आकडे लिहून आणावेत. गेल्या हंगामात गावात शेतीसाठी डिझेल किती लागले आणि गावातल्या पांदणीची किती लांबी पावसाळ्यात बंद होती. पहिला आकडा आपण भरलेली पट्टी आहे. दुसरा आकडा त्या पट्टीची आपल्याला मिळालेली पावती आहे. हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले की निवेदनात वेगळे भाषण लिहावे लागणार नाही.