युकुलेलेची अवघड कॉर्ड आणि डाव्या हाताचं दुखणं

गेल्या पावसाळ्यात आलापल्लीत वीज सारखी जायची. मुलगी सुट्टीत आली तेव्हा घरी विसरून गेलेलं युकुलेले मी अशाच एका अंधाऱ्या संध्याकाळी हातात घेतलं आणि पन्नाशी उलटल्यावर विद्यार्थी झालो.

नायलॉनच्या चारच तारा, म्हणून बोटांना गिटारपेक्षा सोपं. सी कॉर्डला तर एकच बोट पुरतं. पण 'ई' आली की गाडी अडते. तीन तारा चौथ्या पडद्यावर दाबायच्या, उरलेली दुसऱ्या पडद्यावर. एवढ्याशा जागेत तीन बोटं दाटीवाटीने बसवा, नाहीतर एक बोट आडवं टाकून तिन्ही तारा धरा. मी रोज तासभर हट्टाने तेच केलं. काही दिवसांत अंगठ्याच्या बाजूने मनगट दुखू लागलं. गाडीचा गिअर बदलताना कळ यायची.

'दुखल्याशिवाय येत नाही' हा सल्ला मला अर्धाच पटतो. बोटांच्या टोकांची आग काही आठवड्यांत कातडी जाड झाली की कमी होते, तिची काळजी नको. पण मनगट किंवा अंगठा दुखला, बोटांना मुंग्या आल्या, वाकवलेलं बोट अडकून 'खट्' करून सुटू लागलं, तर थांबा. तिथे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, म्हणजे टेंडन, किंवा नस त्रासलेली असते. आराम देऊनही आठवडाभरात उतार नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

एका वेळी दहा मिनिटं पुरे. नवी हालचाल मेंदू नंतरही, अगदी झोपेतसुद्धा, पक्की करत असतो. मनगट फार वाकवू नका. बोट पडद्याच्या लगेच मागे ठेवलं की जोर कमी लागतो. तारा फार उंच असतील तर दोष वाद्याचा, तुमचा नाही. आणि बऱ्याच गाण्यांत 'ई'च्या जागी 'ई सेव्हन' चालते, किंवा गाणं सीच्या पट्टीत नेलं तर सी, एफ, जीवर भागतं. यात लाज कसली?

मधुमेह असेल तर बोट अडकणं, नस दबणं जास्त आढळतं. संवेदना कमी झाली असेल तर बोटांची टोकं रोज पाहा. साखर तपासायला उजव्या हाताचं बोट टोचा, डाव्या हाताला घट्टे पडलेले असतात.

मे महिन्यात तेंदूची पुडकी बांधणाऱ्या बाया असंच मनगट घेऊन येतात. मी सांगतो, हाताला आराम द्या. हंगाम मोजक्या दिवसांचा. एक जण म्हणाली, "मंग खावाचं काय जी?" मी मलम, गोळ्या आणि मनगटाचा पट्टा लिहून दिला. दुसरं काय देणार? मला मात्र वाद्य खुंटीला टांगायला कोणाची हरकत नव्हती, तरी मी तीन आठवडे ऐकलं नाही.

सध्या 'ई सेव्हन'वर आहे. गिअर आता न दुखता पडतो.