पवनचक्की आणि झाडाचें सोंग

यंत्रांनीं निसर्गाचा वेष घ्यावा असा एक आग्रह अलीकडे सुशिक्षित वर्गांत बळावत चालला आहे. पवनचक्की डोळ्यांना खुपते ना, मग तिला झाड करा, अशी ही साधी उपपत्ति! २०१५ सालीं पॅरिसच्या प्लास द ला काँकॉर्द या चौकांत एक ‘वायुवृक्ष’ उभा राहिला. पोलादी खोड, फांद्या, आणि पानांच्या जागीं वाऱ्यावर फिरणाऱ्या लहान लहान चक्क्या. त्याचें कौतुक पुष्कळ झालें. आपल्याकडेही मोबाईलचे मनोरे ताडामाडांचें सोंग घेऊन उभे असतात. या सर्व प्रकारास निसर्गापासून घेतलेली स्फूर्ति म्हणण्यांत येतें. आमच्या मतें ही बहुरूप्याची विद्या आहे, आणि तिच्या पायीं यंत्र व निसर्ग या दोघांविषयींही आपली समजूत बिघडते.

वाऱ्यांतील शक्ति त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणांत असते. वेग निम्मा झाला कीं शक्ति अष्टमांशावर येते. म्हणूनच पवनचक्की उंच असते, पठारावर किंवा समुद्रांत असते, आणि तिचीं पातीं लांब असतात. हा तिचा उद्धटपणा नव्हे; तें तिचें शील आहे. इमारतींच्या आडोशाला वारा मंद आणि गोंधळलेला असतो. तेथें वायुवृक्षाच्या हातून शोभेपलीकडे फारसें कांहीं घडणें कठीण. शिवाय झाडाला पानें असतात तीं सूर्यप्रकाशाकरितां. जोराच्या वाऱ्यापुढें झाड नमतें घेतें, पानें मिटून अंग चोरतें. वारा पकडण्यासाठीं त्याचें रूप घेणें म्हणजे उडण्यासाठीं कासवाचें रूप घेण्यासारखेंच होय.

निसर्गापाशीं शिकणें ही गोष्ट निराळी. हम्पबॅक जातीच्या देवमाशाच्या परांच्या पुढच्या कडेवर उंचवटे असतात. फ्रँक फिश या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं तसा पर घडवून वाऱ्याच्या बोगद्यांत तपासला, तेव्हां तो अधिक तिरपा केला तरी प्रवाह त्यास लवकर सोडून जात नाहीं असें आढळलें. हाच धडा पुढें पवनचक्कीच्या पात्यांना लावून पाहण्यांत आला. अशी पवनचक्की देवमाशासारखी मुळींच दिसत नाहीं. शिकण्याजोगें तेवढें तिनें घेतलें, सोंग समुद्रांतच राहूं दिलें.

आतां निसर्गाचें पाहूं. सातारा जिल्ह्यांतील चाळकेवाडीच्या सड्यावर पवनचक्क्यांची मोठी रांग आहे. त्या सड्यावरील जीवसृष्टीचा अभ्यास २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या नसलेल्या भागांत शिकारी पक्षी जवळजवळ चौपट होते. जेथें त्या होत्या तेथें पक्ष्यांचें भय सरल्यामुळें सरडे वाढले होते, पण अंगानें खालावलेले, आणि माणूस जवळ आला तरी लवकर न पळणारे. (या सरड्याच्या कुलास शास्त्रज्ञांनीं आपला मराठी ‘सरडा’ शब्दच दिला आहे, हें जातां जातां सांगावेंसें वाटतें.) त्या चक्क्यांना फांद्या लावल्या असत्या तर ससाणे परत आले असते काय? आणि सड्यावर झाडें हवींत हें तरी कोणीं सांगितलें? कातळ, गवत आणि पावसाळी फुलें हेंच त्याचें ऐश्वर्य.

नॉर्वेच्या स्मोला बेटावर चार पवनचक्क्यांचें एकेक पातें काळें रंगविलें, तेव्हां तेथील पक्ष्यांचे मृत्यु सत्तर टक्क्यांहून अधिक घटले. प्रयोग लहान आहे. त्यावर सिद्धांत उभारण्याची घाई नको. परंतु उपाय सांपडला तो यंत्र लपवून नव्हे, अधिक ठळक करून, ही गोष्ट आमच्या सौंदर्यवाद्यांनीं ध्यानांत घ्यावी.

कोणी विचारील, तुम्हांस पवनचक्क्या नकोत काय? हव्यात, आणि पुष्कळ हव्यात. पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यांतील दिव्यांसाठीं धूर चंद्रपुरानें गिळावा, हें ज्यांस खटकत नाहीं, त्यांसच सड्यावरचें फिरतें पातें कुरूप वाटावें, याचें आम्हांस नवल वाटतें. आमचा वाद जागेविषयीं आहे. पक्षी कोठून जातात, कोठें घरटीं करतात, हें खांब रोवण्यापूर्वीं मोजून पाहिलें पाहिजे. परंतु ज्या उद्योगांना पर्यावरणाची पूर्वमान्यता घ्यावी लागते त्यांची यादी केंद्र सरकारच्या २००६ च्या अधिसूचनेंत दिलेली आहे, आणि तींत पवनविद्युतेचें नांवच घातलेलें नाहीं.