गाडीचे वय आणि गाडीची तब्येत

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला आणि तिथून पुढे दौंडला जाणाऱ्या माणसाने वाटेतल्या गाड्या एकदा मोजून पाहाव्यात. पिकअपमागून पिकअप दिसते. कुणात कांद्याच्या गोण्या, कुणात दुधाचे कॅन, कुणात कोंबड्यांचे पिंजरे, तर कुणात मांडववाल्याचे बांबू आणि कनाती. नव्या गाड्या असतातच. पण पत्र्याला तीनदा रंग मारलेल्या, फाळक्याची कडी तारेने बांधलेल्या, वीस-बावीस वर्षांच्या गाड्याही कमी नसतात. शहरातला पाहुणा अशा गाडीकडे बघून विचारतो, "ही अजून चालते?" आमच्याकडचा माणूस विचारतो, "हिचं इंजिनकाम कधी केलंय?"

दोन्ही प्रश्न वरवर सारखे वाटतात. पण पहिल्यात गाडीचे वय विचारले आहे आणि दुसऱ्यात तिची तब्येत. माझ्या मते दुसरा प्रश्न शहाणपणाचा आहे. आपले नियम मात्र फिरून फिरून पहिल्याच प्रश्नाकडे वळतात.

जुनी पिकअप किती वर्षे टिकते, याचे उत्तर शोधताना थोडा इतिहास पाहावा लागतो. (मास्तरांची खोड, दुसरे काय!) माल वाहणाऱ्या छोट्या गाड्यांच्या बाबतीत आपला पुणे जिल्हा भाग्यवान. बजाज टेम्पोचा कारखाना आकुर्डीला, टाटांचा पिंपरीला. तिथली मॅटेडोर आमच्या पिढीने इतकी पाहिली, की अजूनही जुनी माणसे कुठल्याही छोट्या मालगाडीला मॅटेडोरच म्हणतात. १९८६ मध्ये टाटांची ४०७ आली, १९८८ मध्ये टाटामोबाईल ही पिकअप आली. महिंद्रांची जीप तर त्याच्या किती तरी आधीपासून होती. तिच्याच घराण्यातून पुढे त्यांच्या पिकअप निघाल्या. २००५ मध्ये टाटांची 'एस' आली आणि लोकांनी तिचे लगेच 'छोटा हत्ती' असे बारसे केले.

याच काळातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. १९८० च्या दशकात जपानी कंपन्यांच्या भागीदारीत चार छोट्या मालगाड्या आपल्या देशात आल्या: डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निसान, आयशर-मित्सुबिशी आणि स्वराज-माझदा. टोयोटा आणि निसान ही नावे जगात किती मोठी! पण आज आपल्या रस्त्यावर डीसीएम-टोयोटा किंवा ऑल्विन-निसान शोधून सापडणे कठीण. त्याच वेळची ४०७ मात्र अजून बाजारात आहे. डीसीएम आणि ऑल्विनच्या गाड्या काही कच्च्या नव्हत्या. पण कंपन्यांची मालकी बदलली, ती मॉडेले मागे पडली, आणि एकदा सुटे भाग मिळेनासे झाले की चांगली गाडीसुद्धा अंगणात उभी राहते. ४०७ चा भाग तालुक्याच्या गावी मिळतो आणि तो बसवणारा मिस्त्रीही तिथेच मिळतो. म्हणजे गाडीच्या आयुष्याची दोरी अर्धी कारखान्याच्या हातात असते आणि अर्धी आपल्या गावातल्या मिस्त्रीच्या, लेथवाल्याच्या, पाटे बसवणाऱ्याच्या आणि पंप-नोझलवाल्याच्या हातात.

आता थोडे गणित करू. शिरूरचा एक भाजीवाला वर्षातले अडीचशे दिवस पुण्याच्या मार्केट यार्डात माल घेऊन जातो. शिरूर ते पुणे सुमारे ७० किलोमीटर, जाऊन-येऊन १४०. वर्षाला झाले ३५ हजार. दहा वर्षांत साडेतीन लाख किलोमीटर. दुसरा शेतकरी दौंड तालुक्यातला. त्याचा कांदा केडगावच्या बाजारात जातो, अंतर समजा १५ किलोमीटर. जाऊन-येऊन ३०, अडीचशे दिवसांचे साडेसात हजार. वीस वर्षांत दीड लाख! दौंडची गाडी वयाने शिरूरच्या गाडीच्या दुप्पट आणि धावली मात्र निम्म्याहूनही कमी. यातली म्हातारी कोणती?

घाईने उत्तर देऊ नका. हमरस्त्यावर एका चालीने धावणाऱ्या गाडीचे इंजिन गरम राहते, ऑइल नीट फिरते, क्लच-गिअरचे काम कमी पडते. ढेकळांतून, चारीच्या कडेने, दर अर्ध्या किलोमीटरला थांबत जाणाऱ्या गाडीचे किलोमीटर थोडे दिसतात, पण क्लचप्लेट, पाटे, किंगपिन आणि ब्रेक लवकर झिजतात. म्हणजे नुसत्या किलोमीटरवरही जाता येत नाही. गाडी उघडून, खाली वाकून बघावीच लागते. त्याला दुसरा मार्ग नाही.

बघायला गेले की एक गोष्ट कळते. जुन्या डिझेल गाडीत इंजिन हा सर्वांत चिवट भाग असतो. वेळेवर ऑइल बदलले, रेडिएटरमध्ये पाणी राखले आणि एअर फिल्टर साफ ठेवला तर ते लाखो किलोमीटर ओढते. दमले तरी बोअर करून, स्लीव्ह टाकून, नवे पिस्टन-रिंग बसवून पुन्हा उभे राहते. आधी जातो तो पत्रा. हौद्यात आज ओला कांदा, उद्या युरियाच्या गोण्या, परवा कोंबडखत. या भागात पोल्ट्र्या पुष्कळ, आणि खत उतरवल्यावर हौदा धुण्याचा कंटाळाही पुष्कळ! हे सगळे पत्रा खाते. सांध्यांत ओल राहते, गंज आतून चढतो आणि रंगाखाली लपून बसतो.

अमेरिकेत पिकअप हौसेचीही गाडी आहे. फोर्डने १९९० च्या दशकात 'लायटनिंग' नावाची पिकअप काढली. ओझ्यापेक्षा वेगासाठी तिचे नाव झाले आणि हौशी लोक आजही ती जपतात. पण बर्फाच्या प्रदेशात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि तिथेही तक्रार तीच: इंजिन धडधाकट, पण खालचा सांगाडा गंजला. तिकडे मीठ, इकडे युरिया. जोरदार इंजिनाच्या गाडीला आणखी एक भोग असतो. जोर आहे म्हणून मालक तो वापरून बघतो. आमच्याकडे तो वेगात कमी आणि वजनात जास्त वापरला जातो. कागदावर दीड टन लिहिलेले असताना अडीच टन भरायचे आणि वर अभिमानाने सांगायचे, "आपली गाडी काय पण ओढती!" ती ओढते हे खरे. पण थांबेल का, हे कोण विचारणार?

जुन्या गाडीचे कौतुक करणाऱ्यांनी, आणि त्यांत मीही आलो, इथे जरा थांबले पाहिजे. इंजिन म्हातारे असले तर चालते. फार तर गाडी चढाला बंद पडेल. ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर म्हातारे असून चालत नाही. ब्रेकचा रबरी पाइप, बॉल जॉइंट, घासून गुळगुळीत झालेले टायर यांत काटकसर करणारा माणूस पैसे वाचवत नसतो, दुसऱ्याचा जीव पणाला लावत असतो. आणि त्याच पिकअपमध्ये माणसे बसवतात! खुरपणीच्या बाया, वऱ्हाडी, देवदर्शनाला निघालेले लोक. ११ ऑगस्ट २०२५ रोजी, श्रावणातल्या सोमवारी, आपल्याच जिल्ह्यात खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या बायांची पिकअप घाटात खाली कोसळली आणि किती तरी घरे उघडी पडली. गाडी नवी असो वा जुनी, हौदा मालासाठी असतो. आपली गाडी मजबूत आहे म्हणून त्यात माणसे भरणे हा मजबुतीचा सर्वांत वाईट उपयोग.

आता नियमांकडे येतो. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करावे लागते. हे योग्यच आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने वाहने मोडीत काढण्याचे धोरण आणले. त्यातही कागदावर तपासणीचीच भाषा आहे: जी गाडी यंत्रावरच्या तपासणीत नापास होईल ती भंगारात. याला कोण नाही म्हणेल? पण एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील गाड्यांच्या पासिंगची फी कैक पटींनी वाढली. एप्रिल २०२३ पासून सरकारी गाड्यांची नोंदणी १५ वर्षांनंतर पुढे चालू ठेवणेच बंद झाले, मग गाडी कशीही असो. दिल्लीत तर हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २०२५ मध्ये तो विषय पुन्हा त्याच न्यायालयात आला आणि गाडीचे वय पाहायचे की तिचा धूर पाहायचा, ही चर्चा नव्याने झाली. झाली हे बरेच झाले.

मी शिक्षक होतो. वयाची अठ्ठावन्न वर्षे भरली, महिनाअखेरीस नारळ, शाल आणि हार मिळाला. त्या दिवशी मला शिकवता येत होते की नव्हते, हे कोणी तपासले नाही. माणसांच्या बाबतीत ते मला मान्य आहे, कारण मागे तरुण मुले नोकरीची वाट पाहत उभी असतात. माझी जागा एखाद्या तरुणाला मिळाली. पण गाडीच्या मागे कोण उभे असते? नवी गाडी आणि तिचा हप्ता!

दौंडकडचा माझा एक जुना विद्यार्थी २००४ सालची पिकअप चालवतो. मुलगा म्हणतो, नवी घेऊ. नवीला नऊ-दहा लाख लागणार. आठ लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी काढले तर दरमहा सतरा हजारांच्या आसपास हप्ता. कांद्याला भाव असो वा नसो, हप्ता चुकत नाही. जुनीच्या इंजिनकामाला मिस्त्रीने सत्तर हजार सांगितले, म्हणजे चार हप्त्यांचे पैसे. "सर, काय करू?" त्याने विचारले. मी म्हणालो, "आधी चेसिसला गंज किती चढलाय ते बघ, मग इंजिनचं बोलू." चेसिस शाबूत निघाली. त्याने इंजिनकाम केले, सोबत ब्रेकचे सगळे सामान नवे टाकले. मुलगा थोडा हिरमुसला, पण घरावर कर्ज आले नाही.

विरुद्ध बाजूचे म्हणणे मला कळत नाही असे नाही. जुने डिझेल इंजिन धूर सोडते आणि तो धूर मालकापेक्षा रस्त्याच्या कडेला शाळेत जाणाऱ्या पोरांच्या छातीत जास्त जातो. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्या याबाबतीत निःसंशय उजव्या आहेत. नोझल नीट केले, पंप लावून घेतला तर जुन्या गाडीचा धूर कमी होतो. पण नव्या गाडीइतका कधीच नाही. म्हणून दाट वस्तीच्या शहरात अशा गाड्यांना वेगळा, कडक नियम लावला तर माझी हरकत नाही. पण नव्या गाडीत बिघाड झाला की आधी स्कॅनर लावावा लागतो आणि गावातला मिस्त्री हात वर करतो. वीस वर्षांनी या गाड्यांचे सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक सामान मिळणार आहे का? नाही मिळाले तर त्यांची गत डीसीएम-टोयोटासारखीच व्हायची. गाडी दीर्घायुषी व्हावी असे वाटत असेल तर सुटे भाग पुरवण्याचे आणि गावच्या मिस्त्रीला शिकवण्याचे बंधन कंपन्यांवर घातले पाहिजे.

हे अशक्य नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे खेड्यातल्या मुलांनी जुन्या जीपचे भाग वापरून 'मेकबुल' नावाचा छोटा ट्रॅक्टर उभा केला. ज्या लोखंडाला दुसरा कोणी भंगार म्हणाला असता, त्याला त्यांनी शेतात कामाला लावले. हाताला शिक्षण मिळाले की वस्तूचे आयुष्य वाढते, हे मी चाळीस वर्षे वर्गात सांगून जेवढे पटवू शकलो नाही, तेवढे त्या एका ट्रॅक्टरने पटवले असेल.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. वयाची अट काढून तपासणी कडक करावी. पासिंगच्या दिवसापुरते शेजाऱ्याचे टायर लावून आणण्याचे प्रकार आपण सगळेच ऐकून आहोत. ते बंद व्हावेत. तपासणी यंत्रावर, पण तालुक्याच्या गावी व्हावी, म्हणजे गरिबाचा दिवस आणि डिझेल वाया जाणार नाही. जी गाडी नापास होईल तिला, ती पाच वर्षांची असली तरी, रस्त्यावर येऊ देऊ नये. जी पास होईल तिला पंचविसाव्या वर्षीही सुखाने कांदा वाहू द्यावा.

आणि ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे त्यांनी सरकारची वाट पाहू नये. खत उतरवल्यावर हौदा धुवावा, ओझे कागदावर आहे तेवढेच भरावे, आणि आज संध्याकाळी एकदा खाली वाकून ब्रेकचे पाइप बघावेत.