तारेआडची कादंबरी : सोलापूर, सेटलमेंट आणि विभावरी शिरूरकर

१/ टोपणनावाने लिहिणे म्हणजे पळपुटेपणा, आणि कादंबरी हा काही इतिहासाचा पुरावा नव्हे : इतिहासप्रेमी तरुणांच्या वादांत ही दोन वाक्ये वारंवार फेकली जातात. सोलापुरात अवघी तीन वर्षे, १९३७ ते १९४०, नोकरी केलेल्या एका लेखिकेपाशी ही दोन्ही वाक्ये लंगडी पडतात.

२/ जन्म १९०५, माहेरचे नाव बाळूताई खरे. शिक्षण कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत, पुढे पुण्यात कन्याशाळेत अध्यापन. विवाहानंतर मालतीबाई बेडेकर. ‘अलंकारमंजूषा’ हे पुस्तक आणि सहलेखनातून झालेले ‘हिंदू व्यवहार धर्मशास्त्र’ हे त्यांचे आरंभीचे काम. शास्त्राच्या या लेखनासाठी त्यांना दुसरे नाव घ्यावे लागले नाही.

३/ १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला, तो मात्र ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने. प्रकाशक ह. वि. मोटे. शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित मध्यमवर्गीय मुलींच्या मनातले त्यात उघड लिहिले होते. खळबळ माजली. कथांतल्या प्रश्नांपेक्षा ‘ही विभावरी कोण?’ या प्रश्नाची चर्चा अधिक झाली!

४/ येथे क्षणभर थांबावे. हात तोच, दौत तीच. त्या हाताने शास्त्र लिहिले तेव्हा विद्वत्ता ठरली; त्याच हाताने स्त्रीच्या इच्छेविषयी कथा लिहिली तेव्हा नाव झाकणे भाग पडले. मग भ्याले कोण? शिक्षिकेच्या पोटापाण्यावर आणि अब्रूवर टपून बसलेल्या समाजाने तिलाच भित्री म्हणावे, हा न्याय मोठा सोयीचा आहे. ‘जेन एअर’ १८४७ मध्ये प्रसिद्ध झाली तीही ‘करर बेल’ या पुरुषी वाटणाऱ्या नावाने. शार्लट ब्राँटेला भित्री म्हणण्याचे धाडस मात्र कोणी करीत नाही.

५/ ‘स्वतंत्र लेखक’ या शब्दाचा अर्थ अलीकडे फार स्वस्त झाला आहे. प्रकाशकाविना पुस्तक काढले की झाले स्वतंत्र. विभावरींना प्रकाशक होता, तरीही त्या स्वतंत्र होत्या. कारण कोणाविषयी लिहायचे, कोणत्या नावाने लिहायचे आणि केव्हा लिहायचे, हे त्यांनी ठरवले. यातल्या ‘केव्हा’चा धागा सोलापुरात सापडतो.

६/ १९३७ साली कन्याशाळा सोडून त्या सरकारी नोकरीत शिरल्या. नेमणूक सोलापूरच्या ‘गुन्हेगार जमातीं’च्या वसाहतीवर. लोकांच्या तोंडी तिचे नाव एकच : सेटलमेंट.

७/ गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि १९२४ मध्ये पुन्हा एकत्रित करण्यात आला. माणसाने काय केले हे या कायद्याला महत्त्वाचे नव्हते. तो कोणाच्या पोटी जन्मला एवढे पुरे होते. जमात ‘जाहीर’ झाली की नोंदणी, बोटांचे ठसे, हजेरी. परवानगीवाचून बाहेर पाऊल नाही. आईबापांपासून मुले वेगळी काढण्याचीही तरतूद होती. सोलापुरात भोवती तारेचे कुंपण होते, आणि शहरातल्या कापडगिरण्यांना मजूर हवेच होते. सुधारणा आणि स्वस्त श्रम एकाच कुंपणात नांदत होते. सोलापुरी चादरीचे गोडवे गाणाऱ्या किती लेखांत या तारेचा उल्लेख असतो?

८/ मालतीबाईंनी १९४० मध्ये ती नोकरी सोडली. तेथे पाहिलेल्या मांगगारुड्यांच्या जगण्यावर ‘बळी’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली १९५० मध्ये. मधली दहा वर्षे. नोकरीच्या दप्तरात अहवाल लिहिता येतो. कादंबरीसाठी दप्तराबाहेर यावे लागते.

९/ आता ‘कादंबरी पुरावा नव्हे’ हा आक्षेप. तारखा, आकडे, आदेश यांसाठी ‘बळी’ उघडू नये, हे मान्य. परंतु सरकारी कागद कोणी लिहिले? ज्यांच्या हाती किल्ली होती त्यांनी. हजेरीला किती जण उभे होते, हे कागद सांगतो. हजेरीला उभे राहणे म्हणजे काय, हे तो सांगत नाही, कारण ते त्याला कधी विचारलेच गेले नाही. त्या प्रश्नाचे साधन म्हणून ‘बळी’ वाचावी लागते, आणि तिची छाननीही इतर कोणत्याही साधनासारखीच करावी लागते.

१०/ ती छाननी केली की एक अवघड गोष्ट समोर येते. मालतीबाई कुंपणाच्या आत होत्या, पण अधिकारी म्हणून. सायंकाळी त्यांना बाहेर पडता येत होते. ‘बळी’मधली करुणा खरी असली तरी दृष्टी बाहेरून आलेल्या व्यक्तीची आहे, आणि तिचे कौतुक करणारे हे बहुधा गाळतात. ते गाळू नये. भटक्या-विमुक्तांनी स्वतः लेखणी धरली ती पुढे : लक्ष्मण मानेंचे ‘उपरा’ १९८० चे, लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ चे. ही आत्मकथने आल्यावर ‘बळी’ निकालात निघाली, असे मात्र कोणी समजू नये. किल्ली ज्यांच्या हाती होती त्यांच्यापैकीच एकीने त्या कुंपणाविरुद्ध दिलेली ती साक्ष आहे, आणि अशा साक्षी फार थोड्या असतात.

११/ लेखकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न मालतीबाईंनी उतारवयातही सोडला नाही. साहित्य संमेलनातल्या सरकारी हस्तक्षेपाच्या निषेधार्थ १९८१ मध्ये मुंबईत समांतर साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदी त्या होत्या. वय पंचाहत्तरीच्या पुढे. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

१२/ ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभरातून गेला. भटके-विमुक्त हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. मुंबई राज्यात १९५९ साली ‘सराईत गुन्हेगारां’चा वेगळा कायदा आला. सोलापुरात त्या वस्तीला लोक अजूनही सेटलमेंटच म्हणतात. ‘बळी’ मात्र शहराच्या इतिहासावरील वाचनयाद्यांत क्वचितच दिसते. तिची जागा किल्ला, सिद्धेश्वर आणि १९३० चा मार्शल लॉ यांच्या शेजारीच आहे.