आधी तरंगायला शिका!

सणासुदीला कडू बोलू नये, ही आपली रीत खरी. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडून त्याचा कडू थेंब जिभेला लावायचा, हीही आपल्या कोकणातलीच रीत. माझा हा लेख वाचकांनी त्या थेंबासारखा घ्यावा आणि मग खुशाल फराळाकडे वळावे. म्हणणे थोडक्यात एवढेच आहे: ज्याला पाण्यावर दोन मिनिटे पालथे पडून राहता येत नाही, त्याने तोंडात नळी धरून मालवणच्या समुद्रात उतरू नये. त्याला तसे उतरवू नये. आणि तो उतरणारच म्हणाला, तर घरच्या वडीलधाऱ्यांनी त्याचा कान धरावा.

मी पनवेलचा. १८५२ सालापासून नगरपालिका मिरवणारे आमचे गाव २०१६ साली महानगर झाले आणि महानगराला शोभेलशी हौसही आमच्या अंगात आली. मुंबईहून गोव्याकडे जाणारा रस्ता पनवेलहूनच कोकणात वळतो. कोकणकन्या रात्री आमच्याच स्टेशनावर थांबून पुढे जाते. त्यामुळे भाऊबीज आटोपली की रात्री गाडीत बसायचे, सकाळी कुडाळला उतरायचे, दुपारपर्यंत सिंधुदुर्गाच्या तटाखाली पाण्यात डुंबायचे, संध्याकाळी सोलकढी पिऊन परतीची गाडी धरायची, असा 'एका दिवसाचा समुद्र' आता घरोघरी ठरतो. ह्या कार्यक्रमात किल्ल्याला पाऊण तास, जेवणाला एक तास आणि 'स्नॉर्केलिंग'ला पंधरा मिनिटे मिळतात. माझे भांडण त्या पंधरा मिनिटांशी आहे.

तेथे पाण्याखाली काय आहे, हे आधी पाहू. प्रवाळ म्हणजे पोवळे, हे आपल्याला सोनाराकडून ठाऊक. मंगळाच्या अंगठीतले पोवळे निराळ्या जातीचे आणि बहुधा भूमध्य समुद्राकडचे. मालवणच्या उथळ पाण्यातले प्रवाळ दिसायला ओबडधोबड दगड. पण तो दगड नव्हे, ते घर आहे. बारीक बारीक जीव आपल्या अंगातून चुना काढून ते बांधतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. भाडेकरूच मालकाला जेवू घालतो, असे हे बिऱ्हाड! त्यातल्या गोलसर जाती वर्षाकाठी जेमतेम सेंटिमीटरभर, पुष्कळदा त्याहूनही कमी वाढतात. कळशीएवढा गोळा दिसला, तर तो तुमच्या दहावीतल्या चिरंजीवांहून वयाने वडील असण्याचा संभव आहे. वडिलांच्या अंगावर पाय ठेवू नये, हे आपण मुलांना शिकवतोच.

सरकारने १९८७ साली मालवणच्या समुद्राचा सुमारे २९ चौरस किलोमीटर भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केला. सिंधुदुर्ग आणि पद्मगड ह्यांच्या भोवतालचे पाणी हा त्याचा गाभा. पुढे २००१ साली खडक रचणारी प्रवाळे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली. त्याच अनुसूचीत वाघ आहे. आता ताडोबात जाऊन वाघाच्या पाठीवर उभे राहून फोटो काढावा, असे कोणाही गृहस्थाच्या मनात येत नाही. वाघ गुरगुरतो, हे त्याचे भाग्य. प्रवाळाला गुरगुरता येत नाही.

गेल्या वर्षी आमच्या आळीतल्या पाच बिऱ्हाडांबरोबर मीही गेलो होतो. होडी थांबली, नांगर पडला. कशावर पडला ते कोणी पाहिले नाही. मग एकेकाला लाइफ जॅकेट चढवून, डोळ्यांवर काच आणि तोंडात नळी देऊन पाण्यात सोडण्यात आले. आमच्यातल्या एका तालेवार गृहस्थांनी काचेतून खाली पाहिले, नळीत चूळभर पाणी गेले, आणि ते हातपाय झाडू लागले. होडीवाल्या पोराने धीर दिला, "घाबरू नकात, खाली खडप आसा, उभे रवा!" गृहस्थ उभे राहिले. त्यांच्या शेजारी त्यांची सौभाग्यवती उभी राहिली, मग दोन मुले. चौघेही छातीभर पाण्यात, 'खडपा'वर, हसतमुखाने फोटोसाठी उभे. त्या आठ पायांखाली काय होते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. माझे पाण्यातले ओरडणे नळीमुळे कोणाला कळले नाही. होडीत येऊन सांगितले, तेव्हा फोटो निघून गेला होता.

आता दोष त्या पोराचा काय? बुडण्याच्या भीतीने गांगरलेल्या माणसाला आधार देणे हे त्याचे पहिले काम, आणि ते त्याने केले. दोष त्या गृहस्थांना पाण्यात आणणाऱ्या व्यवहाराचा आहे, आणि तो व्यवहार आपण गिऱ्हाइकांनी ठरवला आहे. 'पोहता येत नाही, तरी चालेल ना?' हा प्रश्न आपणच विचारतो. 'पंधरा मिनिटांत मासे दिसलेच पाहिजेत' ही अट आपणच घालतो. 'शेजारचा शंभर रुपये कमी घेतो' हे आपणच त्या पोराला ऐकवतो. मग तो एका फेरीत चौघांच्या जागी आठ जण नेतो, मासे जमावेत म्हणून पाण्यात पावाचे तुकडे टाकतो आणि उभे राहायला खडप दाखवतो. आपण ज्या मापाने पैसे टाकतो, त्याच मापाने तो समुद्र विकतो.

त्या पावाचेही सांगितले पाहिजे. प्रवाळावर माजणारे शेवाळ खाऊन ते स्वच्छ ठेवणे हे पुष्कळ माशांचे रोजचे काम. पाव मिळू लागला की ते होडीभोवती घोटाळतात आणि घरकामाला दांडी मारतात. देवळापुढच्या गाईला आपण पुण्य म्हणून पोळी घालतो. समुद्रातल्या माशाला पाव घालण्यात पुण्य नाही, त्याचा धंदा बिघडवणे आहे.

ह्यावर सुशिक्षित मंडळींचे एक उत्तर तयार असते. 'अहो, समुद्र तापतो आहे, प्रवाळे त्यानेच मरताहेत. आमच्या दोन पायांनी काय होते?' पहिले अर्धे खरे आहे. पाणी प्रमाणाबाहेर तापले की ते शैवाल घर सोडते, प्रवाळ पांढरे पडते आणि ताप उतरला नाही तर उपाशी मरते. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ अशा जगभरच्या तीन साथी होऊन गेल्या. चौथी चालू असल्याचे २०२४ साली जाहीर झाले. पण घरात तापाने फणफणलेले माणूस असले, तर 'नाही तरी हा आजारीच आहे' म्हणून त्याच्या छातीवर कोणी उभे राहते काय? तापातून उठायला अंगात त्राण लागते. आपला पाय ते त्राण काढून घेतो. समुद्राचा ताप उतरवणे आपल्या आळीच्या हाती नाही. पाय उचलणे आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो मी हसून उडवणार नाही. 'ह्या धंद्यावर मालवणातल्या कोळ्या-गाबितांची घरे चालतात. तुमच्या सोवळ्यापायी त्यांच्या पोटावर पाय का देता?' मासळी पूर्वीसारखी मिळत नाही. रापण ओढणाऱ्यांच्या मुलांनी जाळे ठेवून काचा आणि नळ्या हाती घेतल्या, ह्यात त्यांचे काही चुकले नाही. अभयारण्याचे नाव काढताच तेथल्या मच्छीमारांच्या कपाळाला आठी पडते, तीही उगाच नव्हे. नियम करणारा दूर असतो आणि उपाशी राहणारा जवळ. परंतु प्रवाळ गेले, की काचेतून पाहायला वाळूच उरेल, आणि वाळू पाहायला पनवेलहून कोणी रात्रभर प्रवास करणार नाही. त्या दिवशी आपण दुसऱ्या बेटाची तिकिटे काढू. ते पोर कोठे जाईल? रापणीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो, ही मालवणची जुनी नीती आहे. त्याच नीतीने चौघांना न्या, आठांचे पैसे घ्या, असे आपण म्हटले, तर त्याच्या पोटावर पाय पडत नाही आणि प्रवाळावरही पडत नाही.

जगात हे कोणी केले नाही असेही नाही. हवाई बेटांतल्या हनौमा उपसागरात माणसांची अशीच जत्रा लोटू लागली. तेथे २००२ पासून पाण्याकडे जाणाऱ्याला आधी एक छोटी फिल्म पाहावी लागते, कोठे पाय ठेवू नये ते शिकावे लागते. आणि आठवड्यातले दोन दिवस माशांना सुटी असते. थायलंडने २०१८ साली आपला माया उपसागर, जगप्रसिद्ध आणि पैशांची खाण असूनही, सरळ बंद केला. तो २०२२ च्या आरंभी उघडला, तो होड्यांना आत मज्जाव करूनच. कुलूप लावण्याची पाळी मालवणवर येऊ नये असे वाटत असेल, तर आपण आधी दार हळू लोटायला शिकले पाहिजे.

ते शिकायचे कोठे? पनवेलमध्येच! वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे अशी तळ्यांची नावे मिरवणाऱ्या गावातल्या मुलांना पोहता येऊ नये, ह्याहून मोठी नामुष्की कोणती? आमच्या लहानपणी पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा बंद डबा बांधून विहिरीत ढकलून देत. दोन दिवस रडारड, चौथ्या दिवशी मूल स्वतः उडी मारी. आता ढकलू नका. तरणतलाव आहेत, शिकवणारे आहेत. सहलीच्या आधी पंधरा दिवस घरच्या सगळ्यांनी तेथे जावे आणि एवढेच साधावे: पालथे पडणे, नळीतून शांत श्वास घेणे, नळीत पाणी शिरले तर न घाबरता फुंकून काढणे, पाय वर ठेवणे. मग लाइफ जॅकेट घालूनच समुद्रात उतरावे; ते काढण्याची फुशारकी कोणी मारू नये. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचे प्राण गेले, हे विसरू नये. पाण्याची ओळख करून घेतली, तर ती प्रवाळाच्या आणि आपल्याही जिवाच्या कामी येते.

आणि होडीत बसण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. नांगर कोठे टाकणार? पाव टाकणार का? एका फेरीत किती जण? उत्तर पटले नाही तर दुसरी होडी पाहावी. पटले तर घासाघीस न करता पैसे द्यावेत. ज्यांना पोहणे जमणार नाही, त्यांनी हिरमुसू नये. कुरटे बेटावर १६६४ साली शिवरायांनी पायाभरणी केलेला किल्ला समोर उभा आहे. चहूकडून खारे पाणी असताना दूधबाव, दहीबाव, साखरबाव ह्या गोड्या पाण्याच्या विहिरी आत आहेत. ते कौतुक पाऊण तासात उरकण्यासारखे नाही.

तुमच्या अंगणातही आज एक किल्ला असेल. मुलांनी माती कालवून, अळीव पेरून, बुरुजावर मावळे उभे करून तो केला असेल. पाहुण्यांतला एखादा बेसावधपणे त्या बुरुजावर पाय देतो, तेव्हा घरातले धाकटे कसे कळवळून ओरडते ते आठवा. आपण पाहुण्याला हात धरून बाजूला घेतो. 'एकच तर बुरूज मोडला' असे म्हणत नाही. सिंधुदुर्गाच्या तटाखाली पाण्यात असाच एक किल्ला आहे. तो मात्र सुटीत चार दिवसांत उभा राहिलेला नाही, आणि मोडला तर पुढच्या दिवाळीला पुन्हा होणारही नाही.